अष्टमीला पोळ्या मिळणार नाहीत

पोळ्या लाटायला येणारी बाई लायटर हातात घेऊन तव्याखालच्या शेगडीकडे वाकली होती. मी मागच्या दारातून आत आले आणि तिचं मनगट पकडलं. ती दचकली.

"बोट हलवू नको," मी म्हटलं. "लायटर माझ्याकडे दे."

"काय झालं, आजी?"

"गॅस सुटलाय."

तिला सर्दी होती, तिला काही कळलं नव्हतं. मला जिन्यातच कळलं. आमचा पोळी-भाजीचा गाळा तळमजल्यावर आणि घर त्याच्यावर. मी जिना उतरत होते तेव्हाच वास आला आणि उरलेल्या पायऱ्या कशा उतरले ते मला आठवत नाही. जन्मभर मासळी विकलेलं नाक आहे. कालची बोय आणि आजची बोय मी डोळे मिटून सांगते.

माझी सून भिंतीशी पडली होती. पिठाच्या रिकाम्या गोण्या अंथरल्या होत्या आणि त्यांवर ती पाय पोटाशी घेऊन निजली होती. मोठ्या पातेल्यातली पुरणाची डाळ उतू जाऊन शेगडीवर सांडली होती. त्या पाण्याने जाळ विझला होता आणि बटण तसंच पूर्ण उघडं होतं.

मी बटण बंद केलं, मग सिलिंडर बंद केला. बाईला म्हटलं, दिवा जळतोय तो जळू दे, कुठल्याच बटणाला हात लावायचा नाही. तिचा हात पंख्याकडे गेला होता तो मी खाली ओढला. शटर उचलायलाही दिलं नाही, लोखंड लोखंडावर घासतं म्हणून. मागचं दार सताड उघडलं आणि आम्ही दोघींनी सुनेला काखेत धरून ओढत बाहेर चौकात आणलं. तिची मान एका बाजूला लोंबत होती. ती अंगाने बारीक आहे, पण तेव्हा भिजलेल्या जाळ्यासारखी जड लागली.

चौकातल्या नळाचं पाणी मी तिच्या तोंडावर मारलं. गालावर दोन लगावल्या. ती उठेना. पोळ्या लाटणारी रडायला लागली. तिला म्हटलं, रडायचं नंतर, आधी रिक्षा आण.

ती गेली आणि मी सुनेचं डोकं मांडीवर घेऊन बसले. मला वाटलं, गेली. नवऱ्याच्या वेळी मला असंच वाटलं होतं आणि ते खरं निघालं होतं, म्हणून मी मनाला काही समजावलं नाही. नुसती बसले. मग तिच्या छातीत घरघर झाली, ती कुशीवर वळली आणि माझ्या लुगड्यावर ओकली. लुगडं धुता येतं.

दवाखान्यात तिला नळी लावून हवा दिली. मुलगा ठाण्याला, कोलशेतच्या कंपनीत कामाला आहे, पहिल्या पाळीला गेला होता. त्याला फोन केला तसा तो ठाण्याहून धावत आला आणि दारातच मला विचारायला लागला, "हे असं कसं झालं?" मी म्हटलं, "तिला विचार, पण आज नको." डॉक्टरीण तरुण होती. तिने सुनेचा रक्तदाब पाहिला, साखर पाहिली, डोळ्यांच्या पापण्या ओढून पाहिल्या आणि विचारलं, "रात्री झोपता किती?"

सून म्हणाली, "मिळते तेव्हा झोपते."

"म्हणजे मिळत नाही."

डॉक्टरीण माझ्याकडे वळली. "आजी, गॅसमधून त्या वाचल्या. पण रोजचं हे असंच चाललं तर पुढच्या वेळी गॅस लागणारसुद्धा नाही. रक्तदाब बघा त्यांचा. या वयाला हा नको."

संध्याकाळी तिला घरी आणली. घरात पाऊल टाकल्यावर तिचं पहिलं वाक्य असं होतं, "आई, पुरणाचं काय झालं?"

"सांडलं."

"ऑर्डरी होत्या."

"होत्या."

तो मार्गशीर्षातला गुरुवार होता. आमच्या डोंबिवलीत मार्गशीर्षातल्या गुरुवारी बायका घरी पूजा मांडतात, पण त्यांना सकाळी गाडी धरायची असते. म्हणून नैवेद्याचं ताट आमच्यासारख्यांकडून जातं. पुरणपोळी, वरण-भात, भाजी, वाटीभर खीर. महिनाभर घरोघर मांसमच्छी बंद, त्यामुळे साध्या पोळ्यांनासुद्धा उसंत नसते. सुनेने त्या दिवशीच्या सगळ्या ऑर्डरी होकार देऊन घेतल्या होत्या. तिला नकार देता येतच नव्हता. ती दवाखान्यात असताना बायका गाळ्यावर आल्या, तेव्हा मी परत येऊन मागच्या दारात बसले होते. एक जण म्हणाली, "अहो, आता ऐन वेळी देवीला काय दाखवू?"

"साखर दाखवा," मी म्हटलं.

ती रागावून गेली. पण नंतरच्या गुरुवारी पुन्हा आली.

आता हे एवढं झालं कशामुळे ते सांगते. गॅस हा शेवटचा भाग होता.

माझं माहेर आणि सासर दोन्ही खाडीकाठचं. आम्ही कोळी. सासर कोलशेतला. नवरा खाडीत जाळं लावायचा, मी टोपली घेऊन ठाण्याच्या आणि कळव्याच्या बाजारात बसायची. चौथी शिकले, पुढे कोणी पाठवलं नाही. खाडीतली मासळी हळूहळू संपली, नवराही गेला, आणि मुलाने डोंबिवलीत घर घेतलं तेव्हा मी त्याच्या मागोमाग आले. सून ठाण्याला एका ऑफिसात हिशेबाचं काम करायची. ते ऑफिस बंद पडलं. ती घरी बसली तेव्हा तिचं तोंड बघवत नव्हतं. मग खालचा गाळा रिकामा झाला आणि तिने पोळी-भाजी केंद्र काढलं. मी जन्मभर मासळी विकली आणि म्हातारपणी पुरण वाटायला बसले. पहिल्या वर्षी एक गिऱ्हाईक मला बघून विचारून गेलं, "इथे मासे करत नाही ना?" मी म्हटलं, "करता आले असते तर तुम्हाला पोळ्या मिळाल्या नसत्या."

केंद्र चाललं. चांगलं चाललं, हीच पंचाईत झाली. सून एकदा मला म्हणाली होती, "आई, हे पहिलं माझं स्वतःचं आहे. ऑफिस बंद झालं तेव्हा मला कोणी विचारलं नाही. हे मी बंद होऊ देणार नाही." मग रस्त्याच्या पलीकडे दुसरं केंद्र उघडलं आणि तिची झोप उडाली. फोन उशाशी. फोन वाजला नाही तरी ती उठून बघायची. दात खात झोपायची, मला भिंतीपलीकडून ऐकू यायचं. केस गळून मोरीच्या जाळीत अडकायचे. विचारलं की म्हणायची, टेन्शन आहे. आमच्या वेळी आम्ही जिवाला घोर लागला म्हणायचो. गोष्ट तीच.

आणि काम? काम वाढलं नव्हतं, कामाचा वेळ वाढला होता. हे मी रोज समोर बसून बघत होते. आमटीत मीठ दोनदा पडायचं, मग ती पाणी घालून वाढवायची, मग पातळ झाली म्हणून पुन्हा डाळ शिजवायची. एकाचा डबा दुसऱ्याला जायचा आणि तो बदलायला मुलगा स्कूटर काढायचा. गाळ्याची किल्ली कमरेला असायची आणि ती घरभर शोधायची. पोळ्या लाटणारी बाई तिच्या निम्म्या वेळात तिच्या दुप्पट पोळ्या करायची, आणि संध्याकाळी आपल्या घरी जाऊन टीव्ही बघायची. सुनेला वाटायचं, आपण जास्त कष्ट करतो. कष्ट जास्तच होते. पोळ्या कमी होत्या.

आमच्या भागात आठवड्यातून एक दिवस नळाला पाणी येत नाही. पाइपाची दुरुस्ती असते म्हणतात. सगळी डोंबिवली त्या दिवशी कपडे धुवत नाही, कोणी तक्रार करत नाही. पण आमच्या गाळ्यात आदल्या दिवशी निळे ड्रम भरून ठेवलेले, कारण सुनेला तो दिवससुद्धा सोडायचा नव्हता. ड्रम भरायला ती रात्रीची उतरायची. तो गुरुवार अशाच एका ड्रमच्या दिवसानंतर आला. थंडी होती. गार वाऱ्याने पोळ्या वाळून पापड होतात, म्हणून शटर खाली ओढून त्याच्या फटीला ओलं गोणपाट लावायचं, पंखा बंद ठेवायचा, ही तिची पद्धत. पोळ्या मऊ राहायच्या, गिऱ्हाईक खूश. डाळ शिजेपर्यंत जरा पाठ टेकते म्हणून ती गोण्यांवर पडली. पोळ्या मऊ ठेवायला केलेला बंदोबस्त गॅसलाही आत ठेवायला पुरला.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गाळ्यात. मुलगा म्हणाला, "अगं, दोन दिवस तरी बस." ती म्हणाली, "समोरचे बसलेत का?" तो चिडला, ती चिडली. मुलगा मला म्हणाला, "आई, तू काहीतरी बोल ना हिला."

मी लगेच बोलले नाही. चिडलेल्या माणसाशी बोलून काही होत नाही. गोणपाट मात्र मी उचलून कचऱ्यात टाकलं आणि पंखा लावला. पोळ्या थोड्या वाळल्या. कोणी मेलं नाही.

दोनतीन दिवसांनी आम्ही दोघी मेथी निवडत बसलो होतो. तेव्हा मी तिला भांगाचं सांगितलं.

खाडीचं पाणी रोज सारखं नसतं. अमावास्या आणि पुनवेला उधाण येतं, पाण्याला जोर असतो, जाळं भरतं. अष्टमीच्या सुमाराला पाणी मंद होतं. त्याला आम्ही भांग म्हणतो. भांगात जाळं लावलं तरी त्यात गाळ आणि काड्या येतात, म्हणून कोणी लावत नाही. होड्या काठावर. बाप्ये जाळी पसरून भोकं शिवतात, शिवता शिवता झोपतात. आम्ही बायका टोपल्या पालथ्या घालायचो. काही आराम नव्हता, घरातली कामं असायचीच. पण बाजार नसायचा. डोक्याला तेल लावून घ्यायचं, माहेरी जाऊन यायचं. आणि त्या दिवसांत कोणाच्या मनात येत नसे की आपण काम बुडवतोय. जाळं शिवणं हे कामच होतं. फाटक्या जाळ्याने उधाणात जाऊन कोणी काय आणणार?

सून मेथीच्या काड्या मोडत ऐकत होती. "तुमची खाडी होती, आई," ती म्हणाली. "इथे रोज उधाण आहे."

"मग जाळं बघ आपलं."

"म्हणजे?"

"आरशात बघ, बाय."

ती उठून गेली. मला वाटलं, रागावली. ती मोरीत तोंड धुऊन आली आणि म्हणाली, "ठीक आहे. महिन्यातून दोन दिवस. अष्टमीला. पण नुकसान झालं तर तुम्ही समोर उभं राहायचं."

"राहीन."

आणि मी पुठ्ठ्यावर माझ्या अक्षरात लिहून शटरला लावलं, अष्टमीला पोळ्या मिळणार नाहीत. अक्षर वाकडं आहे, पण मोठं आहे.

आता ही चूक आमच्यासारख्यांनाच सुचायची. आम्हा खाडीवाल्यांना तिथी आपोआप कळते, मला वाटलं सगळ्यांनाच कळते. डोंबिवलीला अष्टमी कधी ते कोणाला ठाऊक? आणि ज्यांना ठाऊक, त्यांना वाटलं आमचं काही व्रत आहे. पहिल्या अष्टमीला सून वर आडवी झाली होती आणि मी बंद शटरपुढे स्टुलावर बसले होते. शेजारच्या इमारतीतले निवृत्त मास्तर पिशवी घेऊन आले. पाटी वाचली, हात जोडले.

"कुठल्या देवीचं असतं हो हे?"

"कुठल्याच नाही. सून झोपली आहे."

"अच्छा, जागरण होतं का?"

"होतं. रोजच होतं. म्हणून झोपली आहे."

ते विचार करत गेले. संध्याकाळी त्यांची बायको आली आणि हळूच विचारलं, "अष्टमीचं तुम्ही किती वर्षं धरता? मलाही धरायचं होतं." मी म्हटलं, "धरा. दुपारी जेवून आडवं व्हायचं आणि चहापर्यंत उठायचं नाही." ती हसली. मग म्हणाली, "हे जमणार नाही बाई. आमच्याकडे दुपारी ह्यांना चहा लागतो." एक दुसरी बाई तर पाटीजवळ झेंडूचं फूल ठेवून गेली. मी ते केसात घातलं.

तोट्याची गोष्ट खोटी सांगणार नाही. काही गिऱ्हाइकं पलीकडे गेली. तिथी चुकून लोक बंद शटरवर हात आपटून जायचे, मग पुढचे दोन दिवस येत नसत. सून वरून खिडकीतून बघायची. तिला झोप कुठली? पहिल्या दोन अष्टम्या ती छताकडे डोळे लावून पडली होती. विश्रांती घे म्हटलं म्हणून विश्रांती मिळत नाही. जाळं पाण्याबाहेर काढलं तरी ते वाळायला वेळ लागतो. ती म्हणायची, "आई, पडून राहिले की जास्त घाबरायला होतं. कामात असले की नाही होत."

"पडून राहा. घाबर आणि पडून राहा."

"हा काय सल्ला आहे?"

"मला एवढाच येतो."

शेवटी तिनेच एक गोष्ट केली. दुपारी जेवणाची गर्दी उतरली की फोन माझ्याकडे द्यायचा आणि वर जाऊन पडायचं, संध्याकाळच्या पोळ्यांपर्यंत. रोज. आणि अष्टमी सोडून द्यायची, त्याऐवजी पाणी नसतं तो दिवस बंद ठेवायचा. ती म्हणाली, "तो दिवस सगळ्यांना पाठ आहे." हे मला सुचायला हवं होतं, पण तिला सुचलं. पाइपाला आठवड्याची सुट्टी सगळं गाव देतं, मग पोळ्यांनाही दिली. निळे ड्रम मी पोळ्या लाटणारीला देऊन टाकले. तिने एकात तुळस लावली आहे, दुसऱ्याचं काय केलं माहीत नाही.

फोन घेणं मला नवीन होतं. एकदा एक बाई म्हणाली, "पोळी-भाजी केंद्र ना? ऑर्डर द्यायची होती."

"संध्याकाळी द्या."

"आत्ता का नाही?"

"जी घेते ती झोपली आहे."

"तुम्ही कोण?"

"सासू."

मग ती म्हणाली, "सासू असून झोपू देता?"

"तुमची देत नाही का?"

"माझी नाही आता. होती तेव्हा नाही द्यायची." आणि मग ती बाई कितीतरी वेळ बोलत राहिली. आपली नोकरी, गुडघे, मुलाची परीक्षा. मी भाजी चिरत ऐकत होते. ऑर्डर तिने संध्याकाळी दिली. आता ती दुपारीच फोन करते, ऑर्डरीसाठी नाही.

सुनेला पहिली खरी झोप लागली ती होळीच्या आधी. चहा झाला तरी उतरेना म्हणून मी वर गेले. दारातून बघितलं आणि पाय थबकले, कारण ती तशीच पडली होती, पाय पोटाशी घेऊन, भिंतीकडे तोंड करून. मी जवळ जाऊन नाकाशी बोट धरलं. श्वास चालू होता, संथ. दात वाजत नव्हते. मी खाली आले आणि पोळ्या लाटणारीला म्हटलं, तू सुरू कर. ती म्हणाली, "ताईंना उठवू का?" मी म्हटलं, "उठवशील तर बघ."

त्या संध्याकाळी सून उशिरा उतरली, गालावर उशीची घडी उमटलेली. "का नाही उठवलं?" म्हणून माझ्यावर ओरडली. पदर खोचून पोळपाटाशी बसली. हात भराभर चालायला लागला. पीठ मळणं, गोळा, घडी, लाटणं, कुठे अडकणं नाही. गर्दी ओसरली तेव्हा पोळ्या लाटणारी म्हणाली, "ताई, आज तुम्ही मला मागे टाकलंत." सून म्हणाली, "काहीतरीच." पण कान लाल झाले होते.

त्या होळीला पुरणपोळ्या किती करायच्या ते तिने आधी ठरवलं आणि तेवढ्या झाल्यावर नाही म्हणायला लागली. पहिलं नाही तिने मास्तरांच्या बायकोला म्हटलं, आणि म्हणून झाल्यावर माझ्याकडे बघितलं. मी दुसरीकडे बघत होते. मास्तरीणबाई म्हणाल्या, "बरं, मग साध्याच द्या," आणि साध्या घेऊन गेल्या. एवढंच. सून नंतर म्हणाली, "मला वाटलं होतं त्या भांडतील."

खरी परीक्षा उन्हाळ्यात आली. ठाण्यातल्या एका ऑफिसातून फोन आला. रोजचे डबे हवे होते, पुष्कळ. असं काम मिळावं म्हणून ती सुरुवातीपासून वाट बघत होती. असे डबे लागले की केंद्राला भीती नाही, समोरचं काय करतं ते बघायला नको. ती पिठाच्या हातांनी फोन धरून उभी होती. आवाज मोठा होता, मलाही ऐकू येत होता.

"रोज म्हणजे रोज हं, मॅडम. आमच्याकडे पाणी-बिणी काही कारण चालणार नाही."

"आठवड्यातला एक दिवस आमचं बंद असतं," सून म्हणाली.

"तेवढं ॲडजस्ट करा की. बाकीचे करतात."

मी तिच्याकडे बघितलं नाही. बघितलं असतं तर माझ्या तोंडावर काय दिसलं असतं कोण जाणे. खरं सांगायचं तर मलाही ते काम हवं होतं. पोळ्या लाटणारीही लाटणं थांबवून ऐकत होती, तिला एक हात वाढवून मिळाला असता, तिच्या बहिणीला काम लागलं असतं. गाळ्यात सगळ्यांना ते काम हवं होतं.

सून म्हणाली, "ते करत असतील तर त्यांच्याकडून घ्या, सर. आमच्याकडून सहा दिवस मिळतील."

"मग राहू दे."

"बरं."

तिने फोन ठेवला. पोळ्या लाटणारी म्हणाली, "ताई, गेलं की हो ते." सून म्हणाली, "गेलं." मग पोळपाटाशी बसली आणि एक पोळी फाटली. दुसरी नीट आली.

"आई," लाटता लाटता ती म्हणाली, "मी चुकले का?"

"मला काय विचारतेस? मी चौथी शिकले."

"सांगा ना."

"उद्या सांगेन. झोपून उठलीस की विचार."

दुसऱ्या दिवशी तिने विचारलं नाही. ऑफिसवाल्यांचा फोनही पुन्हा आला नाही. समोरचं केंद्र अजून आहे, आमचंही आहे. गिऱ्हाइकं इकडून तिकडे जातात, तिकडून इकडे येतात, तोंडाला चव बदलायला. रक्तदाबाची गोळी तिला डॉक्टरणीने कमी करून दिली आहे, बंद केलेली नाही. टेन्शन येतं अजून, फोन आपटते, माझ्यावर ओरडते, मी तिच्यावर ओरडते. सणाच्या आठवड्यात दुपारची झोप बुडते, आणि मग मीठ दोनदा पडतं, आणि मग तिलाच कळतं.

पाण्याच्या सुट्टीच्या दिवशी शटर खाली असतं. मागच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "चला, तुमचं कोलशेत दाखवा." मुलगा म्हणाला, त्यात बघण्यासारखं काय, उंच इमारती आहेत. तरी आम्ही दोघी बसने गेलो, पुढे रिक्षा केली. काठाला होड्या थोड्या आहेत, गाळ पुष्कळ आहे. पाणी मंद होतं. एक म्हातारा जाळं शिवत बसला होता, माझ्या नवऱ्याला ओळखायचा. सुनेने त्याला विचारलं, "मामा, काही मिळतं का अजून?" तो म्हणाला, "कधी मिळतं, कधी नाय. आज कशाला मिळंल, आज भांग हाय." ती त्याच्याजवळ दगडावर बसली आणि सुई कशी फिरते ते बघत राहिली. मी बाजूला निवट्या घेतल्या, खाडीच्या गाळात मिळणारी मासळी. घरी रांधल्या, वरच्या मजल्यावर, गाळ्यात नाही. मुलाने बोटं चाटली.

त्या मार्गशीर्षातल्या सकाळी गाळ्यात आम्ही तिघी होतो. मी, माझी सून आणि पोळ्या लाटणारी बाई. तिघी जिवंत आहोत.